पितळेच्या पोटातलं जस्त

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एखाद्याचं ढोंग चारचौघांत उघडकीला आलं की आपण म्हणतो, ‘त्याचं पितळ उघडं पडलं’. हा वाक्प्रचार आजच्या मुलांनाही ठाऊक असतो. पण तो आला कुठून असं विचारलं, तर बरेच जण डोकं खाजवतात. त्यांचा काही दोष नाही. स्टीलनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि दारावर येणारा कल्हईवाला दिसेनासा झाला.

माझ्या लहानपणी तो वर्षातून दोन-तीनदा यायचा. अंगणात छोटा खड्डा खणायचा, त्यात कोळसे पेटवायचा आणि भाता लावायचा. भाता मारायला मिळावा म्हणून आम्हा मुलांची भांडणं व्हायची. आई आतून पातेली, पराती, डबे आणून देई. भांडं चांगलं तापलं की कल्हईवाला त्यात नवसागराची चिमूट टाकायचा. नाकाला झोंबणारा पांढरा धूर निघायचा. मग कथलाची काडी भांड्याला नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं गरगर फिरवायची. काळवंडलेलं भांडं आतून चांदीसारखं लखलखायचं. पुढं वापरून वापरून हे कथील झिजलं, की खालचं पिवळं पितळ दिसू लागायचं. त्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकायची. हेच ते उघडं पडलेलं पितळ.

आज मला या पितळेच्याही आत शिरायचं आहे. पितळ ही काही खाणीत मिळणारी धातू नव्हे. तांबं आणि जस्त एकत्र केलं की पितळ होतं. तांबं आणि कथील एकत्र केलं की कासं होतं. उन्हाळ्यात तळपायाला तूप चोळायची वाटी असते ना, ते कासं. तांबं, कथील, शिसं, लोखंड या धातू माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहेत. जस्त मात्र त्यांच्या पंगतीला उशिरा आलं. जस्ती पत्रा, जस्ताची बादली असे शब्द आपण सहज वापरतो. पण हे जस्त खनिजातून बाहेर काढायला माणसाला काही हजार वर्षं वाट पाहावी लागली, आणि मोठ्या प्रमाणावर ते काढून दाखवण्याचा सर्वांत जुना पुरावा आज आपल्याच देशात, राजस्थानात सापडतो. त्याची ही हकीगत आहे. ती अभिमानाची आहेच, पण तिच्या शेवटी आपलंही पितळ थोडं उघडं पडतं. तेही सांगणार आहे.

आधी अडचण काय होती ते समजून घेऊ. तांब्याचं किंवा शिशाचं खनिज कोळशाबरोबर भट्टीत तापवलं, की धातू वितळते आणि तळाशी जमते. वरची मळी बाजूला केली की काम झालं. लोखंड जरा हट्टी असतं. जुन्या भट्टीत ते वितळत नाही, पण त्याचा सच्छिद्र गोळा तयार होतो आणि घणाखाली ठोकून ठोकून तो वापरता येतो. जस्ताचं तसं नाही. खनिजातून जस्त मोकळं करायला एक हजार अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते, आणि जस्त उकळतं मात्र ९०७ अंशांना. म्हणजे ते जन्माला येतं तेच वाफ होऊन. ही वाफ भट्टीच्या तोंडाशी आली, तिला हवा लागली, की ती पेटते आणि तिची पांढरी भुकटी होते. वैद्यांना ही भुकटी माहीत होती, डोळ्यांच्या औषधांत ती वापरली जायची. पण धातू? ती हाती लागायची नाही. खनिज टाकावं, कोळसा जाळावा आणि शेवटी भट्टीच्या तळाशी पाहावं तर काहीच नाही!

मग जुन्या काळी पितळ कसं करत होते? त्यासाठी एक आडवाट होती. तांब्याचे बारीक तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा एका बंद मुशीत घालून तापवायचं. जस्ताची वाफ निघाली की ती बाहेर जायच्या आत तांब्यातच मुरायची. रोमन लोक असंच पितळ करत. पण या वाटेनं तांब्यात साधारण २८ टक्क्यांपर्यंतच जस्त मुरवता येतं. त्याहून जास्त हवं असेल तर सुटं, धातुरूप जस्त हाताशी लागतं. त्यामुळे एखाद्या जुन्या भांड्यात जस्ताचं प्रमाण याहून बरंच अधिक निघालं, की अभ्यासक कान टवकारतात. तक्षशिलेच्या उत्खननात मिळालेल्या एका पितळी पात्रात ते ३४ टक्क्यांच्या आसपास निघालं आहे.

युरोपात जस्ताचं कोडं सुटायला अठरावं शतक उजाडलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं १७३८ साली जस्त गाळण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १७४६ साली जर्मनीत मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञानं खनिजापासून जस्त वेगळं करून दाखवलं, आणि पाठ्यपुस्तकांत जस्ताच्या शोधाचं श्रेय बहुधा त्याच्याच नावावर लिहिलं जातं.

आता उदयपूरला जाऊ. शहराच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर अरवलीच्या डोंगरांत जावर नावाचं गाव आहे. इथं जस्ताच्या आणि शिशाच्या खाणी आहेत. १९६६ साली हिंदुस्तान झिंक ही सरकारी कंपनी स्थापन झाली तेव्हा या खाणी तिच्याकडे आल्या. पण आधुनिक खाणकाम करणाऱ्यांना इथं पावलोपावली जुन्यांच्या खुणा दिसत होत्या. डोंगराच्या पोटात खोल गेलेल्या जुन्या खाणी होत्या. खडकापाशी आग पेटवून तो तापवायचा, भेगा पडल्या की फोडायचा, अशा रीतीनं त्या खोदलेल्या. काही ठिकाणी जुने लाकडी आधार शिल्लक होते. त्यांची कार्बन चाचणी झाली तेव्हा कळलं, की इथलं खाणकाम दोन हजार वर्षांहून जुनं आहे.

जमिनीवरची खूण त्याहून विलक्षण होती. गावाभोवती भाजलेल्या मातीच्या पोकळ नळकांड्यांचे ढीगच्या ढीग पडले होते. वीत-दीड वीत लांब, मनगटाहून जाड, एका बाजूला बंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती नळी. त्यांची संख्या इतकी, की जुन्या जावरमधल्या लोकांनी घरांच्या भिंतीसुद्धा त्यांच्याच रचल्या होत्या. विटांऐवजी नळकांडी! लांबून पाहिलं तर भरताच्या वांग्यांची रास लावल्यासारखं वाटावं. ही वांगी म्हणजे जस्त गाळायच्या मुशी.

मुशी होत्या, पण त्या वापरायच्या कशा हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक संयुक्त मोहीम निघाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले के. टी. एम. हेगडे, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतले पॉल क्रॅडॉक, जुन्या खाणींचे जाणकार लिन विलीज आणि हिंदुस्तान झिंकचे भूवैज्ञानिक एकत्र आले. १९८३ साली त्यांना जे सापडलं, ते पुरातत्त्वात क्वचितच कोणाच्या नशिबी येतं. मातीखाली भट्ट्यांची एक ओळ जवळजवळ जशीच्या तशी उभी होती, आणि तिच्यात शेवटच्या दिवशी लावलेल्या मुशी अजून जागेवर होत्या. जणू कारागीर काम टाकून जेवायला गेले आणि परत आलेच नाहीत.

या भट्टीची रचना मी जरा सावकाश सांगतो, कारण सगळी हुशारी तिथंच आहे.

भट्टी लहानशी, जेमतेम सव्वादोन फूट लांब-रुंद. तिचे दोन मजले. वरच्या मजल्यावर आग, खालचा मजला थंड. मध्ये भाजलेल्या मातीच्या चार चौकोनी जाळ्या. प्रत्येक जाळीला नऊ मोठी भोकं आणि त्यांच्याभोवती बारीक भोकं. मोठ्या भोकात एकेक मूस उलटी उभी करायची. तिचं पोट वर आगीत आणि नळी खाली थंडाव्यात. चार नवे छत्तीस, म्हणजे एका भट्टीत ३६ मुशी. बारीक भोकांतून राख खाली पडायची, म्हणजे वरची आग गुदमरत नसे. अशा सात भट्ट्या एका ओळीत. म्हणजे एका वेळी २५२ मुशी तापायच्या.

आता मुशीच्या आत काय होतं ते पाहा. खनिज आधी उघड्यावर भाजून त्यातलं गंधक घालवायचं. मग त्याची पूड, कोळशासारखं काही जळाऊ द्रव्य, डोलोमाइट नावाचा दगड आणि थोडं मीठ एकत्र मळून त्याच्या छोट्या गोळ्या वळायच्या. गोळ्याच का? पूड दाबून भरली तर वाफेला वाट मिळत नाही. गोळ्यांमध्ये फटी राहतात. गोळ्या भरल्या की मुशीला नळी जोडून सांधा मातीनं लिंपायचा. पण मूस तर उलटी ठेवायची आहे. गोळ्या नळीतून खाली सांडणार नाहीत का? त्यासाठी नळीतून आत एक बारीक काटकी खोचून ठेवायची. भट्टी तापू लागली की आतल्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात. तोवर काटकी जळून जाते, आणि ती जिथं होती तिथं वाफेला बाहेर पडायला आयती वाट तयार होते. एका काडीत दोन कामं!

मग जस्ताची वाफ त्या वाटेनं खाली येते. आपण आधणावर झाकण ठेवतो तेव्हा वाफ वर जाऊन झाकणाला थेंब धरतात. इथं उलटं आहे. वाफेला वर जायला जागाच नाही, म्हणून ती खाली उतरते. नळीतून येता येता थंड होते आणि थेंब थेंब जस्त खालच्या भांड्यात पडतं. मुशीच्या आत कोळशाचा वायू भरलेला असल्यामुळे हवेशी तिची गाठ पडत नाही. ज्या धातूनं जगाला गुंगारा दिला, तिला जावरच्या लोकांनी असं मातीच्या नळीत पकडलं.

हे सगळं कळलं कसं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. भट्टीजवळ ताम्रपट किंवा शिलालेख नव्हता. पण माती बोलते, फक्त तिला विचारता आलं पाहिजे. मुशीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तिच्या मातीचा काचेसारखा झालेला भाग दिसतो. त्याच मातीचे तुकडे प्रयोगशाळेत वेगवेगळ्या उष्णतेला तापवून ताडून पाहिले, की मूळ भट्टी किती तापली असेल याचा अंदाज येतो. तो ११०० ते १२०० अंशांच्या आसपासचा आहे. मुशीत उरलेल्या चोथ्याचं पृथक्करण केलं की काय काय घातलं होतं ते कळतं. आणि ही उष्णता मापायला त्या लोकांकडे उष्णतामापक नव्हता, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. होते ते डोळे. ज्वाळेचा रंग पाहून ते ओळखायचे.

ज्वाळेच्या रंगाची गोष्ट मी मनाची सांगत नाही. ‘रसरत्नसमुच्चय’ नावाचा रसशास्त्राचा एक जुना संस्कृत ग्रंथ आहे, साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातला. त्यात खर्पर नावाच्या खनिजाचं सत्त्व काढायची कृती आहे. मूस कशी असावी? तर वृंताकासारखी, म्हणजे वांग्यासारखी. तिला जोडायची नळी कशी? तर धोतऱ्याच्या फुलासारखी. ज्वाळा निळी असताना थांबायचं आणि ती पांढरी झाली की जस्त निघू लागलं असं समजायचं. बंगालचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला, त्याचा पहिला खंड १९०२ साली आला. त्यात त्यांनी या कृतीकडे लक्ष वेधलं होतं. पण पुस्तकातली कृती खरोखर कोणी केली होती का, की वैद्यानं नुसती कल्पना लढवली, अशी शंका घ्यायला जागा होती. १९८३ साली जावरच्या मातीनं ती शंका फेडली. पोथीतलं वांगं आणि ढिगातलं वांगं एकच निघालं.

फरक एवढाच, की पोथीत एक मूस आहे आणि जावरला एका ओळीत २५२. वैद्याला औषधापुरतं जस्त हवं होतं. जावरला तो उद्योग होता. एका वेळच्या कामासाठी २५२ मुशी, आणि मूस एकदा वापरली की फुकट. म्हणून तर ते ढीग. आता विचार करा, या कामाला किती हात लागत असतील. मुशी घडवणारे कुंभार, खाणीत उतरणारे, खनिज कुटणारे, गोळ्या वळणारे, जंगलातून लाकूड आणणारे, कोळसा पाडणारे, भट्टीवर बसणारे. यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. मला वाटतं, या सगळ्यांत मोठा शास्त्रज्ञ तो कुंभार असावा. हजार अंशांच्या वर तास न् तास तडकणार नाही, वाफ झिरपू देणार नाही आणि तरीही एकदा वापरून टाकून देण्याइतकी स्वस्त पडेल, अशी मूस रोज शेकड्यांनी करणं हे सोपं काम नाही.

या उद्योगाची भरभराट साधारण चौदाव्या शतकापासून पुढं झाली. मेवाडच्या परंपरेत जावरच्या खाणींचं नाव महाराणा लाखा यांच्याशी जोडलेलं आहे. ते चौदाव्या शतकाच्या अखेरीचे. अकबराच्या काळात अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त धातूंची यादी दिली आहे, तिच्यात जस्त आहे आणि अजमेर सुभ्यातल्या त्याच्या खाणीचाही उल्लेख आहे. कर्नल टॉडनं राजस्थानचा इतिहास लिहिताना नोंदवलं आहे, की एके काळी जावरच्या खाणींचं वर्षाचं उत्पन्न दोन लाख रुपयांच्या वर होतं. गंमत म्हणजे टॉड त्यांना कथलाच्या खाणी म्हणतो. जस्त आणि कथील यांतला घोळ तेव्हाच्या साहेबालाही उमगला नव्हता.

पण टॉड १८१८ साली उदयपूरला पोचला, तेव्हा या भट्ट्या थंड झाल्या होत्या. आणि इथं आपल्याला, मराठी माणसांना, थोडं थांबावं लागतं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाडची काय दशा झाली? राजघराण्यात भाऊबंदकी होती, सरदार एकमेकांच्या उरावर बसले होते आणि दोन्ही बाजू मराठी फौजांना मदतीला बोलावत होत्या. मदत फुकट मिळत नसे. १७६९ साली महादजी शिंद्यांच्या फौजेनं उदयपूरला वेढा घातला. खंडणीवर तह झाला. तेवढी रक्कम रोख देणं मेवाडला झेपलं नाही, तेव्हा नीमचसारखे परगणे गहाण पडले. पुढं शिंद्यांची आणि होळकरांची पथकं वसुलीसाठी येत राहिली आणि त्यांच्या मागोमाग पेंढारी. गावं ओस पडली. त्यातच १८१२-१३चा भयंकर दुष्काळ आला. जावरचं जस्त थांबलं ते याच धामधुमीत, असं अभ्यासक सांगतात.

इतिहासात एकाच माणसाला किंवा एकाच फौजेला दोषी धरून मोकळं होता येत नाही. मेवाडची भाऊबंदकी मराठ्यांनी निर्माण केली नव्हती, आणि दुष्काळ कोणाच्या हुकमानं येत नाही. महादजींचं दिल्लीच्या राजकारणातलं कर्तृत्वही मोठं आहे. पण खंडणीचा आकडा आपण बखरीत वाचतो, तेव्हा तो आकडा कोणाच्या अंगणातून गोळा झाला हे आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. तो जावरच्या कुंभाराच्या अंगणातूनही झाला असणार. याच काळात पेशव्यांनी पुण्यात तांबटांना आसरा दिला. कसबा पेठेतली तांबट आळी त्याची आजही साक्ष देते. आपल्या घरच्या कारागिराला आपण हात दिला आणि दुसऱ्याच्या घरचा कारागीर आपल्या घोड्यांच्या टापांखाली आला. या दोन्ही गोष्टी आपल्याच इतिहासातल्या आहेत. पहिली सांगताना दुसरी लपवली, तर ती कल्हईच म्हणायची.

भट्ट्या बंद पडल्या, एवढ्यावर भागलं असतं तर शांतता झाल्यावर त्या पुन्हा पेटल्या असत्या. १८१८ साली मेवाडचा इंग्रजांशी तह झाला, फौजांची ये-जा थांबली. टॉडसारख्या माणसाला खाणी पुन्हा चालू व्हाव्यात असं वाटत होतं. खनिज डोंगरात होतंच. ‘रसरत्नसमुच्चया’च्या पोथ्या वैद्यांच्या घरी होत्याच. तरीही जावरचं जस्त पुन्हा निघालं नाही. का? कारण पोथीत काटकीचा उपयोग लिहिलेला नाही. जाळीला बारीक भोकं किती आणि कुठं ठेवायची, गोळी किती ओली वळायची, कुठल्या नाल्याची माती मुशीला चालते, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते बापाच्या हातातून मुलाच्या हातात जात होतं. माणसं पांगली, पोटापाण्यासाठी कोणी नांगर धरला, कोणी दूर निघून गेलं. एक पिढी मधून गेली आणि साखळी तुटली. मग दीडशेहून अधिक वर्षांनी दोन देशांतल्या शास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शक घेऊन यावं लागलं, तेव्हा कुठं आपल्याला कळलं की आपल्याकडे काय होतं.

जाता जाता चॅम्पियनबद्दल. त्याच्या ब्रिस्टलच्या भट्टीतही वाफ खाली उतरवायची युक्ती होती, जावरसारखीच. चीनमध्येही जस्त गाळत, पण तिथं वाफ मुशीच्या वरच्या अंगाला धरत. या सारखेपणावरून, जावरची विद्या कोणा प्रवाशामार्फत किंवा व्यापाऱ्यामार्फत इंग्लंडला पोचली असावी, असा तर्क क्रॅडॉक यांनी केला आहे. तो पटण्यासारखा आहे, पण त्याला लेखी पुरावा मिळालेला नाही. तेव्हा ‘इंग्रजांनी आमची विद्या चोरली’ असं ठोकून देण्याची घाई आपण करू नये. जावरचं मोठेपण सिद्ध करायला तशी गरजही नाही. अमेरिकेतल्या धातुतज्ज्ञांच्या संस्थेनं १९८८ साली या जागेला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला. तो दिला गेला तो पुराव्यावर.

जस्ताची ही विद्या गेली, पण जस्तावरची एक कला आपल्या शेजारी अजून जिवंत आहे. मराठवाड्याच्या सीमेला लागून बीदर आहे. तिथली काळीभोर, चांदीच्या नक्षीची बिदरी भांडी तुम्ही पाहिली असतील. सुरया, हुक्के, पानदान. पाहणाऱ्याला वाटतं ही लोखंडाची असतील. ती असतात जस्ताची. दहात नऊ हिश्श्यांहून जास्त जस्त आणि थोडंसं तांबं. भांडं ओतायचं, घासायचं, छिन्नीनं नक्षी कोरायची, तिच्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. इथपर्यंत सगळं भांडं करडंच दिसतं. मग बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात कालवून ते तापवलेल्या भांड्याला चोळायचं. पाहता पाहता भांडं काळं होतं आणि चांदी मात्र पांढरीच राहते. आपल्या कल्हईवाल्याचा नवसागर इथं पुन्हा भेटतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या काळ्या रंगाचा तपास झाला आहे. नवसागर पृष्ठभागावरचं जस्त खातो, त्या थोड्याशा तांब्याचं प्रमाण वर वाढतं आणि त्यातून तो दाट काळा थर येतो. म्हणजे तांबं अजिबात घातलं नाही तर बिदरीचा रंगच चढणार नाही. कारागिराला हे रसायन ठाऊक नसतं, पण तांबं किती घालायचं हे पक्कं ठाऊक असतं. किल्ल्यातली कुठली माती चांगली हे तो चिमूटभर जिभेवर ठेवून सांगतो.

जावर आणि बीदर यांत फरक एवढाच, की जावरच्या कारागिराला आपण काही विचारू शकत नाही. बीदरच्या कारागिराला विचारू शकतो. तांबट आळीत हातोड्यानं मठार मारणाऱ्या माणसाला विचारू शकतो. घडवंचीवर भांडं कसं धरायचं, पत्रा किती तापवून मऊ करायचा, ठोके कुठून सुरू करायचे. ही माहिती कुठल्या ग्रंथात शोधायला जाऊ नका, ती त्याच्या मनगटात आहे. शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना प्रकल्प म्हणून दरवर्षी तेच ते ज्वालामुखी आणि पवनचक्क्या करायला लावण्यापेक्षा एकदा आपल्या गावातल्या ओताऱ्याकडे, कासाराकडे, लोहाराकडे वही घेऊन पाठवा. त्याच्या भट्टीचं माप घ्यायला सांगा, तो वापरतो ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगा. काही वावगं वाटलं तर ‘असं का?’ असं विचारायला सांगा. बहुतेक वेळा उत्तर येईल, ‘आमचे वडील असंच करायचे’. तेही लिहून घ्यायला सांगा. त्यामागचं कारण पुढं कोणी शास्त्रज्ञ शोधील.

आणि तुमच्या माळ्यावर आजीचा एखादा पितळी हंडा पडला असेल, तर तो मोडीत घालण्यापूर्वी एकदा खाली काढून चिंचेनं घासून पाहा.